देव पाण्यात

मे महिना सरत आलाय. भाटघर धरणाचं पाणी पार खाली गेलंय आणि एरवी जिथं होडी चालते तिथून तुम्ही पायी चाललाय. गाळ वाळून भेगाळलाय. एकेक खपली परातीएवढी, कडा वर वळलेल्या. फटीत बोट घातलं तर आत अजून गारवा लागतो. समोर कांबरेश्वराचं देऊळ. भोर तालुक्यातल्या कांबरे गावचा हा महादेव वर्षातले दहाएक महिने वेळवंडी नदीच्या अडवलेल्या पाण्याखाली असतो. उन्हाळ्यात धरण रितं होत आलं की देऊळ वर येतं, लोक दर्शनाला येतात, पांडवांनी बांधलं म्हणून सांगतात, फोटो काढतात. पाऊस धरला की देव परत पाण्यात.

एखाद्या गोष्टीची घोर काळजी लागली की आपण ‘देव पाण्यात घालून बसलोय’ म्हणतो. या खोऱ्यात ते नुसतं म्हणायचं नसतं.

म्हशी चारायला आणलेला एक म्हातारा ओट्याला टेकलाय. तुम्ही विचारता, ‘‘बाबा, इतके महिने पाण्यात राहून दगड झिजत नाही का?’’

‘‘पान्यात हाय तवर काय होत न्हाय त्याला,’’ तो म्हणतो. ‘‘भायेर आला का ऊन खातो, चिरं सुटाया लागत्यात. तुमी बघाया येता, तवाच त्येचं हाल.’’

हे वाक्य कानात राहू द्या. पुढं ते जर्मनीत, इंग्लंडात आणि पाषाणला कामाला येणार आहे. काळात मागं न्यायला यंत्रबिंत्र मी काढणार नाही. गाभाऱ्याचं दार बुटकं आहे, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. वाका.

बाहेर येता तर नदी वाहतेय. देवळाभोवती शेतं आहेत, मुलुख पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा आहे, आणि खाली भाटघरला इंग्रज सरकारची दगडी भिंत चढतेय. दीड किलोमीटरहून लांब. १९२७ साली ती पुरी होईल, लॉइड धरण म्हणून कागदावर चढेल, तिला ४५ स्वयंचलित दरवाजे असतील, पाणी एका मापापुढं चढलं की आपोआप उघडणारे. पाणी इथं अडेल आणि नीरेच्या कालव्यांनी बारामतीच्या, फलटणच्या उसाला जाईल. गावं वर सरकतील. या माणसांना त्याबद्दल काय वाटलं हा वेगळा लेख आहे आणि तो मी इथं लिहीत नाही. पाणी अडवायला किती मोठी भिंत लागते, एवढंच डोळे भरून पाहून ठेवा. मग परत वाका.

आता बर्लिन, १९३१. तंत्रविद्यालयातली खोली, पितळी नळकांडं, तारांची वेटोळी. मॅक्स क्नॉल आणि त्याचा २४ वर्षांचा विद्यार्थी एर्न्स्ट रुस्का. उजेडानं पाहायचं तर उजेडाच्या लहरीहून बारीक वस्तू दिसत नाही. अधोलीनं केशर मोजण्यासारखं ते होतं. म्हणून यांनी उजेडाऐवजी इलेक्ट्रॉन घेतले आणि काचेच्या भिंगाऐवजी चुंबकाचं वेटोळं. पहिलं चित्र धातूच्या जाळीचं, जेमतेम सतरा पट मोठं. घड्याळजीच्या डोळ्याला लावायच्या भिंगानं जवळजवळ तेवढं काम होतं. तुम्ही मनात हसता, पण दोनच वर्षांत हे नळकांडं उजेडाच्या सूक्ष्मदर्शकाला मागं टाकणार आहे. रुस्काला त्याबद्दल नोबेल मिळायला मात्र १९८६ उजाडायचंय.

नळकांड्यातली अडचण तुम्हाला, कांबऱ्याहून आलेल्या माणसाला, लगेच कळेल. इलेक्ट्रॉनला हवा चालत नाही, वाटेत हवा असली की तो भरकटतो. म्हणून आतली हवा उपसून काढावी लागते. हवा उपसली की ओल्या वस्तूतलं पाणी क्षणात वाफ होऊन जातं. आणि प्रथिन म्हणजे पाण्याच्याच आधारानं उभा राहिलेला संसार. शेकडो दुव्यांची लांबलचक साखळी. तिच्यातले पाण्याला भिणारे दुवे आत दडतात, पाणी मानवणारे बाहेर राहतात, त्यातून तिला आकार येतो. पाणी गेलं की आकार गेला. वर इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं उरलंसुरलं करपतं. बघायला गेलात, तेव्हाच त्याचे हाल.

लोकांनी यावर तोडगा काढला तो भाटघरच्या गाळासारखा. नमुन्यावर जड धातूच्या क्षाराचं पाणी फिरवायचं आणि वाळू द्यायचं. क्षार विषाणूच्या भोवती साचतो, विषाणू गेला तरी त्याचा साचा राहतो. बाहेरचा घाट कळतो, आतलं काही नाही. या पद्धतीला नावं ठेवू नका, ती पुढं पुण्यातच आपल्याला भेटणार आहे.

वाटेत १२ जुलै १९६१ लागेल. वेल्ह्यातलं पानशेत धरण त्या सकाळी फुटलं, खाली खडकवासलाही गेलं आणि पुणं वाहून निघालं. तिथं उतरू नका. पाणी अडवण्यात चूक झाली की काय होतं ते पुण्यातल्या घराघरात अजून सांगतात, त्याला माझी गरज नाही.

केंब्रिज, १९७५. रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन या दोघांसमोर मिठागरात राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचं जांभळं पटल आहे. पाणी टिकत नाही ना, मग त्यांनी पाण्याच्या जागी ग्लुकोजचा पाक घातला. आवळा टिकवायला आपण मोरावळा करतो, तीच युक्ती. पाक उडून जात नाही आणि प्रथिनाला वाटतं आपण अजून ओल्यातच आहोत. मारा इतका कमी ठेवला की एकेका प्रथिनाचं काहीच दिसेना; पण पटलात ती प्रथिनं फरशीसारखी एकाला एक लावून बसलेली असल्यानं हजारोंची बेरीज करता आली. पटलातून आरपार गेलेल्या सात दांड्या दिसल्या. रूप अजून ढोबळ, सात अँगस्ट्रॉमचं. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग; अणू ओळखायला तीन-साडेतीनच्या खाली उतरावं लागतं. हेंडरसन चिवट माणूस, पंधरा वर्षं याच प्रथिनामागं राहून १९९० मध्ये तो तिथं पोचला. पण फरशीसारखी बसणारी प्रथिनं किती? बाकीच्यांचं काय?

इथं थोडं थांबून लहानपणीची कुल्फी आठवा. साच्याबाहेर बर्फ आणि मीठ, आत दूध. घाई केली, नीट गारठवली तर मऊ लागते. कुणी आळस करून हळूहळू गोठू दिली की दाताखाली बर्फाचे खडे येतात. पाण्याचे रेणू गोठताना पंगत मांडतात, सहा-सहांची कोंडाळी करून रांगेनं बसतात. बसताना जागा जास्त घेतात आणि मधे जो येईल त्याला ढकलतात, चिरतात. फ्रीजरमध्ये ठेवलेली काचेची बाटली फुटते ती यामुळं. पेशी फुटते तीही यामुळंच. म्हणजे पाणी काढलं तर प्रथिन मरतं आणि गोठवलं तरी बर्फ त्याला मारतो. १९८० पर्यंत शहाण्या लोकांनी या नादाला लागायचं सोडलं होतं.

हायडेलबर्गच्या टेकडीवर, झाडीतल्या युरोपीय प्रयोगशाळेत एक स्विस माणूस त्या नादाला लागलाय. जाक दुबोशे. स्वतःच्या परिचयपत्रात ‘आशावादी आईबापांच्या पोटी गर्भ राहिला’ इथपासून सुरुवात करणारा, आपल्या परगण्यातला पहिला सरकारमान्य डिस्लेक्सिक असल्याचं अभिमानानं लिहिणारा. सोबत ॲलास्डेर मॅकडॉवल. हे पाहायला जरा जवळ सरका, कारण सगळी गोष्ट इथं घडते.

चिमट्यात तीन मिलिमीटरची तांब्याची गोल जाळी आहे. तिच्यावर कार्बनचा पापुद्रा आणि पापुद्र्यावर पाणी. आधी थर जाड असतो, तसा ठेवून चालत नाही. जादा पाणी टीपकागदानं टिपून घ्यायचं, अगदी थोडं राहू द्यायचं, दहा हजार थर एकावर एक ठेवले तर कशीबशी एक मिलिमीटर जाडी होईल इतकं. पुढचे काही क्षण धोक्याचे. खोलीत हवा कोरडी असली तर राहिलेलं पाणीही उडून जाईल. चिमटा एका दांड्याला अडकवलेला आहे आणि खाली वाटीत पातळ झालेलं इथेन. वाटीभोवती द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा, धुरासारखा सांडणारा.

तुम्हाला प्रश्न पडेल, जाळी सरळ नायट्रोजनमध्येच का बुडवत नाहीत? तो जास्त गार आहे की. याचं उत्तर वेल्ह्याच्या कुठल्याही चुलीवर मिळतं. भाकरीच्या तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच आटत नाही, वाफेच्या गादीवर बसून टणाटण नाचत राहतो. नायट्रोजनच्या लेखी खोलीतली जाळी म्हणजे तापला तवा. तिला शिवताच तो उकळतो, त्याच्याच वाफेची गादी मधे येते आणि गारवा पोचायला उशीर होतो. इथेन असं उकळत नाही. ते सगळीकडून चिकटतं.

खटका पडतो. दांडा खाली जातो. आवाज म्हणाल तर ‘टक्’ एवढाच.

सेकंदाला लाखो अंशांच्या वेगानं पाणी गारठलं. रेणूंना पंगत मांडायला सवडच मिळाली नाही. जो जिथं होता, ज्या बाजूला तोंड करून होता, तसाच थबकला. हे घट्ट आहे, पण बर्फ नाही. काचेसारखं आहे. सूक्ष्मदर्शकात दोघे पाहतात, तर सगळीकडं सारखा करडा रंग, एकही खडा नाही. आधी त्यांचाच विश्वास बसत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत विखरून पाहतात तर टोकदार ठिपके येत नाहीत, धूसर कडी येतात. मग मुद्दाम ऊब देत नेतात. उणे १४० च्या आसपास त्या करड्या पटात भराभर खडे उमटतात. म्हणजे आत्तापर्यंत होतं ते खरोखर पाणीच, थांबलेलं.

१९८१ साली त्यांनी हे छापलं. तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याच काचेत अख्खे विषाणू दाखवले: न सुकवलेले, न रंगवलेले, पाण्यात तरंगताना जसे होते तसे. भाटघरला दीड किलोमीटरची भिंत लागली होती. इथं चिमटा पुरला.

आता अमेरिका, ऑल्बनी. तिथं जाऊन मात्र दाखवण्यासारखं फारसं नाही. योआखिम फ्रांक नावाचा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ संगणकाशी बसलाय, बस. त्यापेक्षा तुम्हाला मी वेल्ह्याला नेतो. तालुक्याला कागदोपत्री आता राजगड म्हणतात, एसटीत बसणारे वेल्हंच म्हणतात.

श्रावण आहे. तोरणा समोर असायला हवा, पण समोर नुसता कापूस पिंजलाय. एखादा क्षण धुकं विरळ होतं, काळसर कड दिसल्यासारखी वाटते, गेली. तुम्ही फोटो काढता. त्यात काही कळत नाही. तुमच्यासारखेच शेकडो ट्रेकर आजूबाजूला आहेत: कुणी वेल्ह्यातून, कुणी भट्टी गावाकडून, कुणी राजगडाच्या संजीवनी माचीवरून मोबाइल रोखून आहे. सगळ्यांचे फोटो सारखेच वाया गेलेले. आणि कोण कुठं उभं होतं याची नोंद कुणीच ठेवलेली नाही.

काचेतल्या प्रथिनांचंही असंच असतं. थंडीत इलेक्ट्रॉनचा मारा थोडा जास्त सोसतो, पण थोडाच. म्हणून झोत मंद ठेवायचा आणि चित्र धुक्यातलं यायचं. शिवाय पाण्यात हजारो प्रथिनं तरंगत होती, ती थबकली तेव्हा कुणी उताणं होतं, कुणी कुशीवर. फ्रांकनं १९७५ पासून जो विचार धरून ठेवला तो असा: धुकं प्रत्येक फोटोत वेगळं असतं, गड एकच असतो. एकाच बाजूनं काढलेले फोटो शोधून एकावर एक ठेवा. धुकं धुक्याला खाऊन टाकेल, गड गडद होईल. एका गठ्ठ्यात झुंजार माचीची सोंड येईल, एकात उपड्या ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यासारखी बुधला माची. मग कुठला गठ्ठा कुठल्या दिशेचा ते ताडायचं.

पुढची युक्ती पोरांची. दिवाळीत अंगणात किल्ला करतात तसा आधी मातीचा ओबडधोबड तोरणा करायचा. त्याच्याभोवती फिरून प्रत्येक फोटोशी ताडून बघायचं, इथं बुरूज पुढं आलाय, तिथं सुळका बारीक हवा. माती चोपायची, पुन्हा फोटो लावायचे, नव्या किल्ल्यावरून दिशा पुन्हा ठरवायच्या, पुन्हा चोपायची. हजारो फोटो, कधी लाखो. असं करत फ्रांकनं रायबोसोमचं, म्हणजे पेशीत प्रथिनं विणणाऱ्या मागाचं, रूप उभं केलं. यात एक फसगत आहे आणि तिनं भल्याभल्यांना गंडवलंय. पहिला मातीचा किल्ला करतानाच तुमच्या मनात राजगड असेल, तर नुसत्या धुक्याच्या फोटोंतूनही हळूहळू राजगडच उभा राहतो. बालेकिल्ल्यासकट.

संध्याकाळी गड उतरून एका घरी जेवायला थांबता. नाचणीची भाकरी, पिठलं आणि दगडी खलात रगडलेला हिरव्या मिरचीचा खरडा.

‘‘मावशी, तिखट आहे का?’’

‘‘न्हाय वो, आमची पोरं खात्यात की.’’

पहिल्या घासाला तुमच्या डोळ्यांतून पाणी येतं. कान तापतात. मावशी तांब्या पुढं सरकवतात आणि तोंडाला पदर लावून हसतात. जीभ भाजलीय असं तुम्हाला शपथेवर वाटतंय, आणि जीभ तर भाजलेली नाही. साल २०१३ आहे आणि हा खोटा चटका कुठून येतो ते याच डिसेंबरात माणसाच्या डोळ्याला पहिल्यांदा दिसणार आहे.

जिभेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक दरवाजा असतो, टीआरपीव्ही१ नावाचा. ४३ अंशांच्या वर ऊष्मा गेला की तो उघडतो, कण आत घुसतात आणि मेंदूला ‘भाजलं’ म्हणून निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सायसिन तोच दरवाजा उघडतं, मेंदूला फरक कळत नाही. हे डेव्हिड ज्यूलियसनं १९९७ सालीच शोधलं होतं. पण दरवाजा दिसतो कसा, ते कुणाला माहीत नव्हतं. तोवर प्रथिनं पाहायची मानाची रीत म्हणजे त्यांचा खडीसाखरेसारखा स्फटिक करून त्यातून क्ष-किरण सोडणं. पेशीच्या पटलात रुतलेली प्रथिनं सहजी स्फटिक होत नाहीत, वर्षं घालवा, रुसून बसतात. सॅन फ्रान्सिस्कोत ज्यूलियस आणि यिफान चेंग यांच्या चमूंनी स्फटिकाचा नाद सोडला. चिमटा, टीपकागद, इथेन. ३.४ अँगस्ट्रॉम. चार सारख्या पाकळ्यांचा दरवाजा, मधे भोक. आणि दुसऱ्या चित्रात कॅप्सायसिन कुठल्या खोबणीत जाऊन बसतं तेही. मावशींच्या खरड्याचा चटका नेमका त्या खोबणीत आहे.

हे अचानक कसं जमलं? कारण तोवर नवे कॅमेरे आले होते. आधी इलेक्ट्रॉनचा उजेड करून मग त्याचा फोटो घेत. आता एकेक इलेक्ट्रॉन सरळ मोजला जाऊ लागला, तोही सिनेमासारखा, चौकटीमागून चौकट. झोत पडल्यावर प्रथिन किंचित हलतं, ते हलणं चौकटी सरकवून काढून टाकता येऊ लागलं. ज्या विद्येला स्फटिकवाले ‘ब्लॉबॉलॉजी’, म्हणजे गोळेशास्त्र, म्हणून हिणवत होते, तिच्या दारात तेच रांग लावून उभे राहिले. बडोद्यात वाढलेल्या, तिथंच पदवी घेतलेल्या वेंकी रामकृष्णन यांना २००९ चं नोबेल स्फटिकातल्या रायबोसोमसाठी मिळालं होतं. त्यांची केंब्रिजची प्रयोगशाळाही इकडं वळली. २०१७ मध्ये दुबोशे, फ्रांक, हेंडरसन तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल, आणि त्याच सुमाराला बंगळुरूत देशाची पहिली मोठी क्रायो, म्हणजे असं गोठवून पाहायची, सुविधा. ही सगळी वरात मी झरझर पुढं नेतो, कारण २०२० आलंय.

भोरच्या चौपाटीवर चिटपाखरू नाही. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्थेत मात्र दिवे आहेत. जानेवारीच्या शेवटी केरळात सापडलेल्या देशातल्या पहिल्या करोना रुग्णाच्या घशातला नमुना अतनू बासू आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलाय. करड्या पटावर एक गोल कण, ७५ नॅनोमीटरचा, कडेनं बारीक दांडे. मार्चमध्ये ते चित्र छापून आलं आणि साऱ्या देशानं विषाणू पाहिला. ही पद्धत तीच, धातूच्या क्षाराचा लेप देऊन वाळवायची. सांगितलं होतं ना, नावं ठेवू नका. कोण आलंय हे विचारायचं असेल तर उंबऱ्यातली सावली पुरते.

त्या दांड्यांत काय दडलंय हे हवं असेल तर मात्र पाणी लागतं. जनुकीय क्रम जानेवारीत जाहीर झाला आणि फेब्रुवारी संपायच्या आत टेक्सासात जेसन मॅक्लेलनच्या चमूनं काचेतल्या पाण्यातून तो दांडा ३.५ अँगस्ट्रॉमपर्यंत दाखवला. इतकी घाई जमली ती आधीच्या करोना विषाणूंवर वर्षानुवर्षं घासलेल्या हातांमुळं. हा दांडा लावलेल्या उंदराच्या चापासारखा असतो. पेशीला शिवला की सुटतो आणि रूप पालटतो. लसीसाठी न सुटलेला चाप हवा. दोन ठिकाणी प्रोलिन नावाचे ताठर दुवे बसवले की चाप अडकून राहतो, ही युक्ती २०१७ मध्ये मर्स विषाणूवर साधली होती, ती इथं लावली. पुण्याच्या सीरमची कोव्होव्हॅक्स या अडकवलेल्या चापाची. वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात रांग लावून तुम्ही टोचून घेतलीत ती बहुधा कोविशील्ड, तिच्यात ते दोन दुवे नव्हते. सगळं श्रेय एका यंत्राला देऊन टाकायचा मोह होतो, म्हणून सांगितलं.

पुण्यात आलाच आहात तर वर्षभर मागं सरकून पाषाणच्या आयसरमध्ये डोकवा. इथं के. साईकृष्णन यांचा गट एका कात्रीमागं लागलाय. जिवाणूंनाही शत्रू असतात; परका डीएनए आत शिरला तर तो चिरून टाकायला काही जिवाणू एमसीआरबीसी नावाचं हत्यार बाळगतात. सहा तुकड्यांचं कडं, इंधन घालून चालणारं, आणि त्याच्या मधल्या भोकात दुसऱ्या प्रथिनाचा दांडा शिरलेला. आजीचं जातं आठवा, तळीतून वर येऊन मधे बसलेली खीळ आठवा. दांडा भोकात शिरला की कडं आवळतं आणि चालू लागतं, पण सहाही घरं एकदम नाही. बंगळुरूचे विनोथकुमार आणि स्टॉकहोमचे आलेक्सी अमुंट्स यांच्या साथीनं २०१९ मध्ये हे ३.६ अँगस्ट्रॉमला दिसलं. असा वाकडातिकडा, सहा घरांत सहा तऱ्हा असलेला ऐवज स्फटिकाच्या शिस्तीत बसवणं अवघडच. थबकलेल्या पाण्याला त्याच्या वाकडेपणाचं काही वाटत नाही.

आता परत खोऱ्यात. पाऊस चांगला धरलाय. चिखलणी उरकून आवणी चाललीय, इंद्रायणीचं तरू मुठीमुठीनं खाचरात जातंय. तुम्हीही पायजमा वर खोचून उतरता. चिखल पोटरीपर्यंत ओढून घेतो. पाय उपसताना बोटांमधून दोन-चार बुडबुडे वर येतात, फुटतात.

त्यात मिथेन आहे. चिखलात हवा पोचत नाही, तिथले सूक्ष्मजीव तो करतात. आणि वरच्या थरात, मुळांपाशी, तोच खाऊन जगणारे दुसरे जिवाणू बसलेले असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोनाली रहाळकर यांच्या गटानं आपल्याकडच्या भातखाचरांतून असले मिथेनखाऊ वेगळे काढलेत, त्यातल्या एकाचं नावच ‘ओरायझी’, भाताचा. ते मिथेन पचवतात ज्या विकरानं, ते तांब्यावर चालतं आणि पटलात रुतून असतं. वर्षानुवर्षं ते पटलातून काढून स्फटिक केले गेले. काढलं की काम बंद. स्फटिकात काही भाग दिसायचाच नाही, आणि तांबं नेमकं कुठं यावर भांडणं. २०२२ मध्ये अमेरिकेत एमी रोझेनझ्वाइगच्या गटानं ते काढलेलं विकर पुन्हा स्निग्ध पटलाच्या चकतीत ठेवलं. ते पुन्हा काम करू लागलं. मग तसंच, चकतीसकट, पाण्यात थबकवून पाहिलं, तर हरवलेला भाग जागेवर होता आणि तिथं तांब्याचं एक घर, आधी कुणी न पाहिलेलं. त्याच वर्षी अख्खा जिवाणू गोठवून, तासून, आतल्या पटलात ही विकरं ओळीनं मांडलेलीही दाखवली गेली.

तुमच्या घोट्याभोवतीच्या चिखलात ते आत्ता चालू आहे.

कांबऱ्याला पोचेपर्यंत अंधारून आलंय. मेमधल्या भेगा मिटल्यात. पाणी देवळाच्या ओट्याला लागलंय, गढूळ, काड्या फिरवत. म्हातारा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर येतोय आणि त्याच्या खांद्यावर गाभाऱ्यापुढची पितळी घंटा आहे.

‘‘घंटा काढली. बाकी ऱ्हाऊ दे त्याचं त्याच्यापाशी,’’ तो म्हणतो. ‘‘तुमी आत जानार व्हता का?’’

तुम्ही दाराकडं पाहता. बुटकं दार अर्धं पाण्यात गेलंय.

‘‘नाही.’’

म्हशी पुढं निघतात. चढावर त्याच्या प्रत्येक पावलाला घंटा एकदा वाजते, मग पावसात तीही ऐकू येईनाशी होते.